लोखंडी बैल आणि आर्वीचा उतार

यंदाच्या पोळ्याला आर्वीजवळच्या आमच्या मूळ खेड्यात गेलो होतो. तोरणाखाली मोजून अकरा जोड्या उभ्या होत्या. माझ्या लहानपणी त्याच तोरणाखाली जोड्यांची इतकी दाटी होई की मानाची जोडी कोणाची यावरून दरवर्षी हमखास भांडण जुंपे. आता भांडायला पुरतील एवढ्याही जोड्या राहिल्या नाहीत. रांगेच्या शेवटी मात्र एक नवल होते. एका तरण्या शेतकऱ्याने आपला छोटा ट्रॅक्टर धुऊनपुसून, बॉनेटवर झूल टाकून, दिव्यांभोवती बेगड चिकटवून आणला होता. पुरणपोळीचा नैवेद्य पुढे धरताना त्याची बायको क्षणभर घोटाळली. याचे तोंड नेमके कुठे, हे तिला उमगेना. सारे हसले, मीही हसलो. माझे वडील तेवढे हसले नाहीत. परतताना ते म्हणाले, “बैलाले आपल्या जिवाचं भेव असते, बाबू. त्या लोखंडाले नसते.”

या बोलण्यामागे आमच्या घरातला एक प्रसंग आहे. तो मी पुढे सांगेनच. पण या भयाला, किंवा त्याच्या अभावाला, शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचा तालुका नकाशात सपाट दिसतो. प्रत्यक्षात तो तसा नाही. पश्चिमेला वर्धा नदी, तिच्या काठाने काळी, भारी जमीन. पूर्वेकडे आणि उत्तरेकडे, तळेगावचा घाट आणि कारंजाच्या टेकड्या जवळ येऊ लागल्या की जमीन बरड होते, मुरूम वर येतो आणि नाले खोल होत जातात. पुष्कळदा एकाच वावराचे एक टोक काळे असते, दुसरे मुरमाड. मधे उतार, उताराच्या पायथ्याशी नाला आणि चहूबाजूंनी धुरे. अशा जमिनीत हिंडायला निसर्गाने आणि गवळ्यांनी मिळून एक जनावर घडविले. ते म्हणजे गवळाऊ. पांढरे, सडपातळ, चपळ असे हे गोधन वर्धा जिल्ह्याचे भूषण होय. जुन्या नोंदींत त्याला ‘आर्वी’ असेही नाव आढळते. मराठ्यांच्या फौजांचे सामान डोंगरवाटांनी झपाट्याने नेण्यासाठी ही जात जोपासली गेली, अशी परंपरा सांगतात. कारंजाजवळ हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे.

या बैलाचा मोठा गुण त्याच्या बळात नव्हता, पायात होता. ओल्या उतारावर खूर घसरू लागला की गवळाऊ आपण होऊन थांबे. नाल्याचा काठ भुसभुशीत लागला तर तुतारी टोचली तरी पुढे पाऊल टाकत नसे. हाकणारा झोपेत असो, तापात असो, त्याच्या वाटचा विचार बैल करी. जुवाच्या आड दोन जीव होते आणि दोघांनाही मरायचे नव्हते. शेतकऱ्याच्या सुरक्षिततेचा अर्धा भार असा बैलांच्या मानेवर होता. तो कोणी कधी मोजला नाही, कारण त्याचे पैसे पडत नव्हते.

1917 साली पुलगाव ते आर्वी ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली. आमच्या कापसासाठीच ती घातली होती. बंड्या भरभरून कापूस आर्वीच्या बाजारात येई आणि तेथून रेल्वेने पुलगावला जाई. मौज अशी की, आमच्याकडे हे छोटे इंजिन धावू लागले त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत हेन्री फोर्डच्या कारखान्यातून ‘फोर्डसन’ नावाचा ट्रॅक्टर निघू लागला. त्याआधीचे ट्रॅक्टर म्हणजे लोखंडाचे हत्ती होते. फोर्डसन त्या मानाने लहान, स्वस्त आणि सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातला. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई पडली तेव्हा तो जहाजांनी इंग्लंडला गेला आणि शेतोशेती पोचला.

पण त्याला एक भयंकर खोड होती. नांगराचा फाळ जमिनीतल्या मोठ्या दगडात किंवा मुळात अडकला की घोडा मागल्या पायांवर उभा राहावा तसा हा ट्रॅक्टर पुढून उचलला जाई आणि चालकाला खाली घेऊन उलटा पडे. याचे कारण सोपे आहे. इंजिन मागच्या चाकांना फिरवीत असते. चाके जागची हलेनाशी झाली तर इंजिनाचे बळ कुठे तरी जायला हवे. चाक फिरत नसेल तर ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरू लागतो. यातून सावरायला माणसाला एक सेकंदही पुरता मिळत नाही. असे कितीतरी शेतकरी मेले. त्यांच्या मृत्यूच्या याद्या त्या काळच्या अमेरिकन नियतकालिकांत छापून आल्या. पुढे फोर्डसनला मागे लांबट मडगार्ड बसविण्यात आले. ट्रॅक्टर उठला तर ती जमिनीला टेकावीत, हा त्यांचा एक उपयोग.

या खोडीवर खरा उतारा शोधला तो हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने. पुण्याच्या कॉलेजाशी याचा काही संबंध नाही. ते नाव मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे. आपला हॅरी शेतकऱ्याचा मुलगा, जन्म 1884 चा, यंत्रांचा नादी. 1909 साली त्याने स्वतः विमान बांधून उडविले होते. 1917 साली सरकारने त्याला आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांची कामगिरी सुधारण्याचे काम दिले. गावोगाव हिंडताना त्याच्या ध्यानात आले की, नांगर हा ट्रॅक्टरच्या मागे बैलगाडीसारखा साखळीने बांधलेला आहे, हीच मुळात चूक आहे. बैल आणि गाडी वेगळी असतात, कारण बैलाला अक्कल असते. यंत्राला ती नाही, तेव्हा नांगर आणि ट्रॅक्टर यांचे एकच शरीर केले पाहिजे. त्याने नांगर तीन दांड्यांनी जोडला, खाली दोन आणि वर एक. फाळ अडकला की वरची दांडी ट्रॅक्टरला पुढच्या बाजूने जमिनीवर दाबून धरते. ज्या ओढीने तो पूर्वी उलटे, तीच ओढ आता त्याला खाली बसवू लागली. आज आमच्या पांदणीने जाणाऱ्या कोणत्याही ट्रॅक्टरमागे हा त्रिकोण दिसेल.

1938 साली फर्ग्युसन आणि फोर्ड यांनी कागदाचा कपटाही न करता केवळ हात मिळवून भागीदारी केली. पुढे ती मोडली, फिर्याद झाली आणि 1952 साली फर्ग्युसनला 92 लाख 50 हजार डॉलर मिळाले. तोंडी बटाईच्या व्यवहारातून कोर्टात गेलेली माणसे आमच्याकडे थोडी नाहीत, त्यांना यात नवल वाटणार नाही. दरम्यान 1946 पासून त्याचा स्वतःचा छोटा करड्या रंगाचा ट्रॅक्टर इंग्लंडात तयार होऊ लागला होता. दहा वर्षांत असे 5 लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले.

याच ट्रॅक्टरांची एक हकीकत मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो. 1953 साली एव्हरेस्ट चढलेले एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले, ते तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर हाकीत. चाकांवर पट्टे चढविलेले, बाकी शेतातलेच ट्रॅक्टर! बर्फाखाली झाकलेल्या खोल भेगा हा तिथला मोठा धोका. म्हणून त्यांनी ट्रॅक्टर एकमेकांना दोरांनी बांधले. पुढचा भेगेत गेला तर मागच्यांनी त्याला धरून ठेवावे, ही योजना. एव्हरेस्ट जिंकलेल्या माणसाने ट्रॅक्टरवर बसताना आपली छाती दाखविली नाही, दोर बांधला. मुलांना ध्रुव आठवतो, मला तो दोर आठवतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. लोखंडाचा शेतात शिरकाव आपल्याकडे सुखासुखी झाला नाही. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरते, असे शेतकरी म्हणत. ट्रॅक्टरचा वाद तर वर्ध्यातच रंगला. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे ठाणे पडले. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे अर्थशास्त्री. ट्रॅक्टर शेण देत नाही, हा त्यांच्या नावावर सांगितला जाणारा युक्तिवाद आजही खोडून काढणे सोपे नाही. 1950 साली पवनारला विनोबांनी त्याही पुढे जाऊन बैलाशिवाय, केवळ माणसाच्या हातांनी शेती करण्याचा प्रयोग आरंभला. त्यास ते ऋषिशेती म्हणत. दुसरीकडे सरकारची दिशा वेगळी होती. 1949 साली भारताने जागतिक बँकेकडून 1 कोटी डॉलरचे कर्ज काढले, ते कांस गवताने गिळलेल्या मध्य भारतातल्या जमिनी ट्रॅक्टरांनी मोकळ्या करण्यासाठी. वर्धा जिल्हाही तेव्हा मध्य प्रांतातच होता. ट्रॅक्टर चालवायला माणसे शिकवावीत म्हणून 1955 साली नर्मदाकाठी बुदनीला प्रशिक्षण केंद्र निघाले. ते आजही चालू आहे.

या वादात दोन्ही बाजूंनी माणसाच्या हाताचे काम, शेण, डिझेल, धान्य यांचा हिशेब मांडला गेला, आणि तो मांडायलाच हवा होता. पण बैल गेला की उतारावर थांबायचे कोणी, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

1959 हे वर्ष मला या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी फरीदाबादला आयशर कंपनीचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला आणि भारतात ट्रॅक्टर बनू लागले. पाठोपाठ मद्रासला फर्ग्युसनच्याच वंशातले ट्रॅक्टर निघू लागले. 1963 साली मुंबईत महिंद्रांनी त्यासाठी वेगळी कंपनी काढली. त्याच 1959 साली स्वीडन या लहानशा देशाने एक कायदा केला. नव्या प्रत्येक ट्रॅक्टरवर चालकाच्या डोक्यावरून जाणारी मजबूत पोलादी कमान किंवा टप असलाच पाहिजे, असा तो कायदा. ट्रॅक्टर उलटला तरी कमान टेकते आणि माणसापुरती पोकळी शिल्लक राहते. पुढे जुन्या ट्रॅक्टरांनाही तो नियम लागू झाला. स्वीडनमध्ये 1957 साली ट्रॅक्टर उलटून पुष्कळ माणसे मरत. 1990 पर्यंत हे प्रमाण अगदी नगण्य झाले. माणसांचा स्वभाव काही तीस वर्षांत बदलला नव्हता, उतारही सपाट झाले नव्हते. बैलाचे भय नाहीसे झाले होते, त्याची भरपाई त्यांनी पोलादाने केली. आपण त्या वर्षी ट्रॅक्टर घेतला, कमान मात्र दूरच राहिली. आजही आमच्या शिवारात कमान असलेला ट्रॅक्टर शोधावा लागतो.

मोठे ट्रॅक्टर आमच्या भागात आले ते मोठ्या वावरांसाठी. पऱ्हाटीच्या तासांतून डवरणी करणे त्यांना जमत नव्हते, म्हणून डवऱ्यापुरती बैलजोडी टिकून होती. 2010 च्या सुमारास 15 अश्वशक्तीचे अरुंद ट्रॅक्टर बाजारात आले आणि तेही काम त्यांनी घेतले. 6 डिसेंबर 2012 च्या शासन निर्णयाने अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर अवजारांसह 90 टक्के अनुदानावर देण्याचे ठरले. साडेतीन लाखांच्या खरेदीत गटाने भरायचे फक्त 35 हजार. ज्यांच्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्याची बैलजोडी हाकली, त्यांच्या दारात स्वतःचे यंत्र उभे राहिले. ही गोष्ट लहान नाही. बैलजोडीची किंमत लाखाच्या घरात गेलेली, सालगडी मिळेनासा झालेला. अशा वेळी छोट्या ट्रॅक्टरला नावे ठेवणाऱ्याने आधी स्वतः डवरा धरून पाहावा.

पण ज्या गुणांमुळे हा ट्रॅक्टर कापसात चालतो, तेच गुण उतारावर त्याचे वैरी होतात. तासात मावावा म्हणून त्याची चाके जवळजवळ, आणि झाडे मोडू नयेत म्हणून पोट जमिनीपासून उंच. अरुंद आणि उंच वस्तू लवकर कलंडते, हे घागर डोक्यावर घेणारी कोणतीही बाई सांगेल. त्यातून एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ट्रॅक्टरला चाके चार दिसली तरी तो उभा असतो तीन पायांवर. पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलता असतो, म्हणजे खड्ड्यातही पुढची दोन्ही चाके जमिनीला टेकून राहतात. त्यामुळे खरा आधार मागची दोन चाके आणि पुढची ती एक खिळी यांचा. चौरंगावर बसलो असे समजणारा माणूस वस्तुतः तिवईवर बसलेला असतो.

आता तो प्रसंग. थोरल्या भावाने असा ट्रॅक्टर घेतला, त्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. सुटीच्या दिवशी मी वावरात गेलो होतो. भाऊ जेवायला बसला आणि मला हौस आली. पुस्तकी माणसाला यंत्राची हौस फार. पाऊस होऊन गेलेला. मी नाल्याच्या कडेने, उताराला आडवा, ट्रॅक्टर घेतला. वरच्या बाजूचे चाक धुऱ्याच्या मातीवर चढले आणि त्याच क्षणी खालचे ओल्या काळ्या मातीत रुतले. ट्रॅक्टर खाली झुकू लागला, तेव्हा मी घाबरून चाक वरच्या बाजूला वळविले. कोणीही वळवील तसेच. तेच चुकले. ट्रॅक्टर कलंडला, मी चढाच्या बाजूला फेकला गेलो. बसण्याची जागा नाल्याच्या दगडावर आदळून चेपली होती. बाभळीखालून वडील धावत आले. मला चाचपून पाहिले आणि पहिले वाक्य बोलले ते हेच, “बैल असता तं थांबला असता.”

त्याच हंगामात शेजारच्या गावचा एक शेतकरी अशाच उतारावर ट्रॅक्टरखाली सापडला. त्याच्या बाबतीत दगड आणि माती यांचा हिशेब उलटा पडला. त्याचा मुलगा आमच्या शाळेत सातवीत होता. पुढे सहामाहीत ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध आला. मुलाने बैल लिहिला होता. शेवटी एक ओळ होती, मालक पडला की बैल थांबतो. मी तिच्याखाली लाल शाईने काही लिहू शकलो नाही.

त्यानंतर मी जाणत्या चालकांना, मेकॅनिकांना विचारीत आणि हाती लागेल ते वाचीत सुटलो. जे कळले ते सारे बैल आपण होऊन करीत असे, असे माझ्या ध्यानात आले. बैल वाट पाहून पाय टाकतो. तेव्हा ट्रॅक्टर घालण्याआधी वावर पायांनी हिंडावे, गवताखालचे दगड, घळी, बिळे पाहावीत. बैल उभा उतार सरळ उतरतो. ट्रॅक्टरनेही उतार आडवा कापू नये, सरळ चढावा, सरळ उतरावा. चढ फारच उभा असेल तर मागे मागे चढावे, म्हणजे जड बाजू वर राहते. बैल उतारावर पाय आखडून चालतो. आपण उतरण्याआधीच खालचा गिअर घालावा आणि मधे क्लचला पाय लावू नये. डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर सोडणाऱ्याने चार आण्यांसाठी घर गहाण टाकले, असे समजावे. बैल नाल्याचा काठ टाळतो. नाला जेवढा खोल, निदान तेवढे तरी काठापासून दूर राहावे.

बाकीचे नियम यंत्राचे स्वतःचे. ओढायचे ते मागच्या खालच्या हुकालाच बांधावे. आसाला किंवा त्याहून वर साखळी बांधली की फोर्डसनचा घोडा पुन्हा जागा होतो. डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. शेताबाहेर पडताना दोन्ही पेडल खिटीने जोडावीत, नाहीतर एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. अवजार उचलून न्यायचे तर जमिनीलगत ठेवावे. डवरणी संपली की, ज्या ट्रॅक्टरात सोय असेल त्यात मागची चाके रुंद करून घ्यावीत. कापसाची भरलेली ट्रॉली उतारावर छोट्या ट्रॅक्टरला ढकलत नेते, म्हणून वजन त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या ब्रेककडे पाहून भरावे. आणि कलंडू लागलाच तर चाक खालच्या बाजूला वळवावे. मनाला पटत नाही, पण तेच खरे.

कमान बसवून घेता आली तर आधी ती घ्यावी, आणि कमान असेल तरच पट्टा बांधावा. कमानीशिवाय बांधलेला पट्टा माणसाला यंत्राखालीच बांधून ठेवतो. संत्र्याच्या बागेत फांद्या लागतात म्हणून दुमडती कमान मिळते. बागेतून निघताना ती पुन्हा उभी करायला विसरू नये. भावाच्या ट्रॅक्टरला आम्ही दुरुस्तीबरोबरच कंपनीची कमान बसवून घेतली. त्या पैशात घराला रंग झाला असता. रंग अजून व्हायचा आहे.

आणि एक शेवटचे, खास या सणाचे. दिवाळीला गावी आलेली शहरातली भाचरे, पुतणी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शिवार पाहायला निघतात. आजोबांनाही कौतुक वाटते. ट्रॅक्टरवर एकच जागा असते, चालकाची. पोरांना पायी न्या. वाटेत बोरी लागतील, कापूस फुटलेला दिसेल.

पाडव्याला आमच्या गोठ्यात वडील अजून दोन पणत्या लावतात, रिकाम्या दावणीपाशी. मागल्या वर्षापासून तिसरी पणती ते ट्रॅक्टरच्या कमानीखाली ठेवतात. यंत्राची पूजा करता का, असे मी विचारले. ते म्हणाले, “त्याची नाही. त्याच्यावर बसणाऱ्याची.”